थर्मोस्टॅट बदलला, तरी गिझर पुन्हा का बिघडतो?

प्रश्न गोव्यातल्या मांद्र्याहून आलाय. घरामागच्या दोन खोल्या पाहुण्यांना भाड्याने देणाऱ्या एक ताई लिहितात: "२५ लिटरचा गिझर आहे, सहा वर्षं झाली. कधी हात पोळेल असं पाणी येतं, तर कधी दोन-दोन दिवस थंडगार. खालचं झाकण काढून आतलं लाल बटण दाबलं की परत चालू होतो. चवथीच्या आधी मेकॅनिकने थर्मोस्टॅट बदलून दिला, थंडीत पुन्हा तेच. आता तो म्हणतो, ते लाल बटण बायपास करू, नाहीतर नवाच घ्या. थर्मोस्टॅट परत बदलावा का? आणि घरच्या घरी बदलता येतो का?"

ताई, बायपास करू द्यायचं नाही. हे पहिलं. नवा गिझर घ्यायची वेळ बहुधा आलेली नाही. थर्मोस्टॅट कदाचित पुन्हा बदलावा लागेल, पण आधीचा का गेला ते कळल्याशिवाय दुसरा लावलात तर तोही असाच जाईल. दुकानात जाण्याआधी थोडी तपासणी करू.

तुम्ही जे लाल बटण दाबता ते थर्मोस्टॅटचं नाही, कटआउटचं आहे. दोन्ही बऱ्याचदा एकाच डबीत असतात म्हणून लोकांचा गोंधळ होतो. थर्मोस्टॅट म्हणजे ती लांब दांडी. बाहेरून पितळेची नळी, आत जवळजवळ न प्रसरणाऱ्या निकेल-लोखंडाच्या मिश्रधातूची काडी. पाणी तापलं की पितळ लांबतं, काडी आहे तेवढीच राहते, आणि त्या किंचित फरकाने वरचा कॉन्टॅक्ट उघडतो. पाणी निवलं की परत मिटतो. हे रोज, दिवसातून कितीतरी वेळा चालतं. कटआउटचं काम वर्षानुवर्षं काहीच न करण्याचं. त्यात दोन धातूंची एक छोटी चकती असते. थर्मोस्टॅट फसला आणि तापमान साधारण ८५ ते ९५ अंशांच्या घरात गेलं की ती टक्कन उलटते आणि लाइन तोडते. ती आपोआप परत जोडत नाही, बटण हाताने दाबावं लागतं. मुद्दामच तसं केलंय, म्हणजे माणसाला झाकण उघडून बघायला लागावं.

तर बटण उडालं याचा अर्थ दोनपैकी एक. एकतर पाणी खरंच भलतंच तापलं, नाहीतर पाणी ठीक होतं पण त्या चकतीच्या आसपास दुसरंच काहीतरी तापलं. ही दुसरी शक्यता फार कमी लोक बघतात. तुमच्याकडे थर्मोस्टॅट नवा असूनही बटण उडतंय, म्हणून माझा पहिला संशय तिथेच आहे. पण पाणी हात पोळण्याइतकं येतं म्हणता, त्यामुळे पहिली शक्यताही सोडता येत नाही.

बायपास केल्यावर काय होऊ शकतं ते एकदा नीट ऐका. थर्मोस्टॅटचा कॉन्टॅक्ट चिकटला, कटआउट नाही, तर पाणी तापवणारं २००० वॅटचं एलिमेंट थांबतच नाही. टाकी बंद आहे, त्यामुळे पाणी शंभर अंशांवर उकळून मोकळं होत नाही, दाबाखाली आणखी तापत राहतं. मग सगळी भिस्त उरते थंड पाण्याच्या पाइपवर बसवलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हवर. तो बहुतेक ८ बारला सुटतो, आणि तेवढ्या दाबाला पाण्याचा उत्कलनबिंदू १७० अंशांच्या वर जातो. तो व्हॉल्व्ह तरी धड असतो का? थेंब थेंब गळतो म्हणून प्लंबरने त्याला बूच मारलेलं मी आपल्याकडे पुष्कळ न्हाणीघरांत बघितलंय. तुमच्याकडे त्या व्हॉल्व्हची नळी उघडी आहे ना, ते आजच बघून घ्या. तापताना दोन-चार थेंब पडले तर ते पडायलाच हवेत.

आता तपासणी. पहिली झाकण न उघडताच होते, घड्याळ आणि स्वयंपाकघरातला थर्मामीटर एवढंच लागतं. सकाळी टाकी पूर्ण थंड असताना गिझर चालू करा आणि तापत असल्याचा दिवा विझायला किती वेळ लागतो ते मोजा. काही गिझरना दोन दिवे असतात, एक नुसता लाइन असल्याचा. तो नको, दुसरा बघायचा. एकच दिवा असेल आणि तो कायम पेटलेला राहत असेल तर विजेच्या मीटरकडे बघा. गिझर ओढत असेपर्यंत मीटरवरचा लाल ठिपका भराभर लुकलुकतो, थर्मोस्टॅटने तोडलं की एकदम मंदावतो.

आपल्याकडे नळाचं पाणी साधारण २७ अंशांचं धरा. २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत न्यायला २००० वॅटच्या एलिमेंटला अर्धा तास लागतो. १५ लिटरला सतरा-अठरा मिनिटं. एवढ्यात दिवा विझला आणि बादलीत सोडलेलं पाणी ५५ ते ६५ अंशांच्या दरम्यान भरलं, तर थर्मोस्टॅट आपलं काम करतोय. पाइपात आधीपासून साठलेलं पाणी जाऊ द्या, मग मोजा. दहा मिनिटांतच दिवा विझून पाणी कोमट लागलं, तर थर्मोस्टॅट लवकर तोडतोय किंवा सेटिंग खाली आहे. पाऊण तास झाला, पाणी सत्तरीच्या पुढे गेलं तरी दिवा पेटलेलाच, तर कॉन्टॅक्ट चिकटलाय किंवा दांडीला पाण्याचं खरं तापमान कळतच नाहीये. अशा वेळी लगेच बंद करा, वाट बघत बसू नका.

एक सावधगिरी. वेळ जास्त लागली म्हणून लगेच थर्मोस्टॅटला दोष देऊ नका, व्होल्टेज बघा. संध्याकाळी गावातल्या सगळ्या खोल्यांचे एसी सुरू झाले की काही वाड्यांवर व्होल्टेज १९० पर्यंत उतरतं. व्होल्टेज घटलं की एलिमेंटची ताकद वर्गाच्या प्रमाणात घटते. १९० व्होल्टला २००० वॅटचं एलिमेंट जेमतेम १३६० वॅट देतं आणि अर्ध्या तासाचे बेचाळीस मिनिटं होतात. गिझरमध्ये काही बिघाड नसतो.

यापुढचं काम झाकण उघडून करायचं आहे, म्हणून तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच देतो. मल्टिमीटर हातात धरायची सवय असेल, मेन बंद करून लाइन खरंच गेली की नाही हे तपासता येत असेल, तर स्टोरेज गिझरचा थर्मोस्टॅट बदलणं अवघड नाही. सवय नसेल तर परवाना असलेला वायरमन बोलवा आणि हे वाचून त्याच्या शेजारी उभ्या राहा. पेटणाऱ्या टेस्टरवर विसंबून कोणी हात घालत असेल तर त्याला थांबवा. टेस्टर न पेटणं म्हणजे लाइन नसणं नव्हे.

एमसीबी खाली करा, थ्री-पिन टॉप सॉकेटमधून काढा, आणि एमसीबीवर चिठ्ठी चिकटवा. पाहुण्यांच्या घरात ही चिठ्ठी फार गरजेची, कारण गरम पाणी नाही म्हटल्यावर पाहुणा सरळ जाऊन बटण वर करतो. पाणी निवू द्या. बहुतेक गिझरमध्ये थर्मोस्टॅटची दांडी एका कोरड्या नळीत बसते, पाण्यात नाही, त्यामुळे टाकी रिकामी करायची गरज नसते. खालचं झाकण काढण्याआधी स्क्रूंवर गंज सोडवणारं तेल मारून पंधरा मिनिटं थांबा. समुद्राकाठच्या घरात ते स्क्रू डोकं मोडल्याशिवाय निघत नाहीत. झाकण निघालं की काहीही हलवायच्या आधी मोबाइलवर दोन-तीन फोटो काढा, प्रत्येक वायर कुठे आहे ते दिसलं पाहिजे. मुंग्यांचं वारूळ किंवा वाळलेली पाल सापडली तर दचकू नका. ब्रशने साफ करा.

आता खरी जागा. एलिमेंटच्या पितळी पिनांवर थर्मोस्टॅट बसतो आणि वायरी थिंबलने, म्हणजे टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपीने, जोडलेल्या असतात. तिथे नाक न्या आणि डोळे न्या. घरात मासळी शिजत नाहीये आणि तरी मासळीसारखा वास येतोय, तर ते जळकं बॅकेलाइट, म्हणजे डबीचं कडक प्लॅस्टिक, असतं. गोव्यात या वासाकडे कोणाचंच लक्ष जात नाही, ही आपली अडचण. पिन काळी पडली आहे का? थिंबलचं प्लॅस्टिक तपकिरी होऊन वितळलंय का? तांब्याच्या तारांवर हिरवट बुरा चढलाय का? वायरीचं कव्हर कडक होऊन वाकवताच तडकतं का? यातलं एक जरी दिसलं तरी तुमचा थर्मोस्टॅट चार महिन्यांत का गेला त्याचं उत्तर मिळालं.

हिशोब करून बघा. २००० वॅटचा गिझर साधारण ८.७ अँपिअर ओढतो. सैल किंवा खारट हवेने गंजलेल्या जोडात अर्धा ओहम जरी अडथळा आला, तर त्या एका टोकावर ३८ वॅट उष्णता तयार होते. सोल्डरिंगची इस्त्री कटआउटला टेकवून ठेवल्यासारखंच झालं. पाणी ५० अंशांचं असेना का, ती चकती नव्वदीला पोचते आणि उडते. थर्मोस्टॅटचे आतले कॉन्टॅक्टही त्याच उष्णतेने चिकटतात किंवा जळतात. मग कधी पाणी उकळतं, कधी थंड. मेकॅनिक नवा थर्मोस्टॅट आणून त्याच काळ्या पिनेवर बसवतो, त्याच सैल थिंबलमध्ये वायर खोचतो आणि पैसे घेऊन जातो. मांद्रे, मोरजी, कळंगुट, बाणावली, या सगळ्या पट्ट्यात हे नेहमीचं. डिचोली-साखळीकडे तेवढं नाही.

तिसरंही एक कारण आहे आणि ते तुमच्या गावात शक्य आहे: गिझर कोरडा तापणं. नळाचं पाणी गेलं, वरची टाकी रिकामी झाली आणि पाणी उलटं जाऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह अडकलेला किंवा मुळात बसवलेलाच नसेल, तर गिझरमधलं पाणी उलट्या वाटेने खालच्या नळांना उतरतं. एलिमेंट उघडं पडतं आणि कटआउट उडतो. ज्या दिवशी बटण उडालं त्या दिवशी पाण्याची बोंब होती का, एवढं आठवून बघा.

मल्टिमीटर लावायचा तो वायरी सोडवून. २००० वॅटच्या एलिमेंटच्या दोन पिनांमध्ये साधारण २६ ओहम यायला हवेत. ३००० वॅटचं असेल तर १७-१८. काहीच आकडा येत नाही म्हणजे एलिमेंट तुटलंय, मग थर्मोस्टॅट बदलून काही उपयोग नाही. नंतर प्रत्येक पिन आणि गिझरच्या धातूच्या अंगामध्ये मोजा. इथे आकडा यायलाच नको. आला तर एलिमेंटची गळती आहे, ते बदलल्याशिवाय लाइन द्यायची नाही. वायरमनकडे मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेजवर गळती तपासणारं मीटर, असेल तर उत्तम, कारण साध्या मीटरला बारीक गळती पकडता येत नाही. थर्मोस्टॅट थंड असताना, बटण दाबलेलं असताना, त्याच्या येणाऱ्या-जाणाऱ्या टोकांमध्ये शून्याच्या जवळ आकडा हवा.

दांडी बाहेर काढून आणखी एक परीक्षा घेता येते. पातेल्यात गरम पाणी घ्या, थर्मामीटर सोडा, आणि फक्त पितळी नळी पाण्यात बुडवा, वरची डबी पूर्ण कोरडी राहिली पाहिजे. मीटर टोकांना लावून ठेवा. पाणी सेटिंगच्या आसपास आलं की बारीक टक् आवाज होऊन मीटर कॉन्टॅक्ट उघडा दाखवतो, थंड पाण्यात घातलं की पुन्हा मिटतो. ७५ अंशांतही मिटलेलाच राहिला तर तो बाद.

दांडी काढताना नळीतून पाणी आलं तर मात्र सगळं थांबवा. त्या कोरड्या नळीला भोक पडलंय. एलिमेंटची पूर्ण फ्लँज, म्हणजे ते ज्यावर बसतं ती तबकडी, बदलावी लागेल आणि त्यासाठी टाकी रिकामी करावी लागेल. विहिरीचं पाणी वापरणाऱ्या घरांत हे अधिक दिसतं. जांभ्यातल्या आपल्या विहिरींचं पाणी बऱ्याच ठिकाणी आम्लधर्मी असतं. क्षार कमी, त्यामुळे एलिमेंटवर पांढरा थर फारसा चढत नाही, पण धातू खाल्ला जातो. फ्लँज उघडलीच तर त्यावरची मॅग्नेशियमची कांडी बघा. टाकीऐवजी स्वतः झिजावी म्हणूनच ती असते. सहा वर्षांत तिची नुसती तार उरली असेल तर नवी घाला, काही शे रुपयांत टाकीचं आयुष्य वाढतं.

दुकानात जुना थर्मोस्टॅट हातात घेऊन जा, फोटो नको. दांडीची लांबी तंतोतंत तीच हवी. आखूड दांडी टाकीच्या तळाशीच राहते, तिथे थंड पाणी येत असतं, म्हणून ती उशिरा तोडते आणि वरचं पाणी भलतंच तापतं. तुमच्या पोळणाऱ्या पाण्याचं कारण हेही असू शकतं, तेव्हा आत्ता बसवलेली दांडी नळीच्या खोलीशी ताडून बघा. नळीत काडी घालून खोली मोजता येते. अँपिअर किमान १६ हवेत, २० असेल तर समुद्राकाठी मी तोच घेईन. जुन्यात कटआउट एकत्र असेल तर नव्यातही हवा. कटआउट नसलेला स्वस्त थर्मोस्टॅट दुकानदार बिनधास्त पुढे करतो. बारीक तांब्याच्या नळीला फुगा असलेला, म्हणजे कॅपिलरीचा थर्मोस्टॅट असेल तर तसाच घ्यायचा, त्याच्या जागी दांडीचा चालत नाही. आणि गिझरच्या कंपनीचा सुटा भाग मिळत असेल तर थोडे पैसे जास्त द्या.

डिजिटल आकडे दाखवणाऱ्या गिझरचं गणित वेगळं. तिथे सेन्सर आणि सर्किट असतं, ते कंपनीच्या माणसाकडूनच करून घ्या. तीन लिटरच्या इन्स्टंट गिझरमध्ये टाकीच्या अंगाला चिकटलेली छोटी चकती असते. बदलायला सोपी, फक्त ती पत्र्याला घट्ट टेकली पाहिजे.

बसवताना घाई करायची नाही. पिना बारीक पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासा. पिन खड्डे पडून खराब झाली असेल तर एलिमेंटच बदला, कारण त्या पिनेवर नवा थर्मोस्टॅट म्हणजे फुकट गेलेले पैसे. जळलेल्या वायरीचं टोक चांगला, लालसर तांबा दिसेपर्यंत कापा आणि नवं थिंबल प्लायरने नव्हे, क्रिम्पिंगच्या हत्याराने दाबा. ओढून बघा, सुटता कामा नये. आतली वायर कमी पडली तर उष्णता सोसणारीच लावा, साधी पीव्हीसी वायर पिळून टेप मारणं चालणार नाही. दांडी नळीत शेवटपर्यंत जाऊ द्या, वाकवू नका. फोटो समोर ठेवून वायरी जोडा, अर्थची वायर सगळ्यात घट्ट.

लाइन देण्याआधी गरम पाण्याचा नळ उघडा. हवेचे हिसके न देता सलग धार आली की टाकी भरली. मगच एमसीबी वर. पुन्हा घड्याळ लावा: अर्धा तास, ६० अंश, दिवा विझला पाहिजे. नंतर एमसीबी बंद करा, टॉप काढा आणि लगेच पिनांना बोट लावा. कोमट असतील तर ठीक. बोट टेकवत नाही इतक्या गरम असतील तर सॉकेट सैल झालाय, तोही बदला. वायरिंग २.५ स्क्वेअर एमएम तांब्याचं, १६ अँपिअरचा एमसीबी आणि त्यामागे गळती झाली की लाइन तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. आरसीसीबी आहे पण त्याचं टेस्ट बटण कधी दाबलंच नाही, अशी घरं फार. महिन्यातून एकदा दाबा.

अर्थिंगबद्दल एक गोष्ट आपल्या मातीची. जांभा पावसाळ्यात ओला असतो तेव्हा अर्थ छान मिळतो, एप्रिल-मेमध्ये तीच जमीन वाळून कोरडी होते आणि अर्थ कमजोर पडतो. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतायचं, आणि वायरमनकडून अर्थ तपासून घ्यायचा तो मे महिन्यात, जुलैत नाही.

सेटिंग किती ठेवायचं? मी ६० सांगेन. त्याहून कमी कोमट पाणी साठून राहिलं तर त्यात जंतू वाढायला वाव मिळतो, आणि तुमच्या खोल्या पावसाळ्यात महिनोन्महिने बंद असणार. हंगाम सुरू होताना गिझर पूर्ण तापवून ते सगळं पाणी नळांतून सोडून द्या, मगच पाहुण्याला खोली द्या. मात्र ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, तेव्हा लहान मुलं असलेल्या पाहुण्यांना आधी थंड नळ सोडायला सांगा किंवा मिक्सर बसवून घ्या. आणि गिझर दिवसभर चालू ठेवायची सवय मोडा. सततच्या जोड-तोडीने कॉन्टॅक्टही झिजतो आणि बिलही चढतं.

हे सगळं करूनही लाल बटण उडालं, तर ते पुन्हा दाबू नका. तीन आकडे लिहून पाठवा: दिवा विझायला लागलेली मिनिटं, त्या वेळी गरम नळाच्या पाण्याचं तापमान, आणि गिझर चालू असताना सॉकेटवरचं व्होल्टेज. शेवटचं वायरमनकडून मोजून घ्या. सोबत उघडलेल्या झाकणाचा, पिना स्पष्ट दिसतील असा फोटो.